बोलावणं ह्यांना आलं, पेट्या आम्ही सगळ्यांनी भरल्या

नांदोलो:
सलाम, नमस्कार सगळ्यांना. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पाककृती आणि सांगलीच्या जुन्या फोटोंचे धागे सोडून कुठे फारसं लिहीत नाही. हा विषय खरंतर चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काढायचा, पण तिथे काढता येत नाही. का ते पुढे कळेलच.

आम्ही मूळ वानलेसवाडीचे. मी नर्स, ट्रेनिंग मिरजेत झालं. मिस्टर हॉस्पिटलची मशिनं दुरुस्त करतात, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, ऑटोक्लेव्ह, जनरेटर, जे बंद पडेल ते. सध्या आम्ही मलावीत एका मिशन हॉस्पिटलात आहोत. आफ्रिकेच्या नकाशात टांझानिया, मोझांबिक आणि झांबियाच्या मधे एक लांबोळका देश दिसेल, तोच. पगार म्हणजे पगार नाही, मंडळीतली (म्हणजे चर्चमधली) आणि ओळखीतली माणसं महिन्याला जे देतात त्यावर चालतं.

तर पाचारण ह्यांना झालं. उपवास-प्रार्थनेवरून घरी आले आणि म्हणाले प्रभू बोलावतोय. मी पोळ्या लाटत होते, हो म्हटलं. आपल्यात ‘नाही’ कोण म्हणतं? देवालाच नाही म्हटल्यासारखं ते. पहिली काही वर्षं छान गेली, खोटं कशाला बोलू, वॉर्डात मी खूप शिकले, माणसं फार चांगली आहेत.

आता प्रश्न असा की मोठी आठवीत जाणार. आमच्या आवारात स्टाफच्या मुलांसाठी जो छोटा वर्ग चालतो तो सातवीपर्यंतच. पुढे एकतर बाहेर देशी बोर्डिंग (केनियात मिशनऱ्यांच्या मुलांची जुनी शाळा आहे, तिची फी बघून मी लॅपटॉप बंद केला), नाहीतर पाचगणी, नाहीतर सांगलीला आजीआजोबांकडे, नाहीतर आम्ही सगळ्यांनीच परत यायचं. मिस्टर म्हणतात प्रार्थना कर, मार्ग निघेल. आणि गंमत अशी की प्रार्थनाच होत नाहीये. रविवारी पहिल्या बाकावर बसते, गायन म्हणते, डोळे मिटते आणि मनात चालू असतं की पाण्याची मोटर बंद केली का.

कुणी असं राहिलंय का घरच्यांना घेऊन? ख्रिस्तीच असायला पाहिजे असं काही नाही.

कंदी_पेढे:
पहिला! सविस्तर नंतर लिहितो ताई. मलावीत पेढे मिळत नसणार एवढं मात्र नक्की सांगतो.

मुख्याध्यापिका_निवृत्त:
प्रिय भगिनी, पत्र वाचून वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला. मी सांगलीतच, चाळीस वर्षं शब्बाथ शाळा घेतली. तुला बायबलातल्या हन्नाची आठवण करून देते. किती नवस करून झालेला शमुवेल तिने दूध तुटल्यावर मंदिरात नेऊन सोडला. तिला काय त्रास झाला नसेल? पण देवाने तिला पुढे तीन मुलगे आणि दोन मुली दिल्या. आणि प्रभू स्वतः म्हणाला की जो माझ्यापेक्षा आईबापांवर, मुलांवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही. नांगराला हात घातल्यावर मागे बघू नये. प्रार्थना कोरडी होते ती परीक्षा असते. पोरीला पाचगणीला घाल, शिस्त लागेल, इंग्लिश सुधारेल.

टानसेनची_पोर:
मॅडम, मान ठेवून लिहिते, पण हन्नाचं उदाहरण वाचलं की माझ्या अंगावर काटा येतो, कारण लहानपणी ते मला प्रत्येक सुट्टीनंतर ऐकवलं जायचं.

माझे आईबाबा नेपाळमधे होते, टानसेनला, मिशन हॉस्पिटलात. बाबा सांगली जिल्ह्यातले, आई साताऱ्याची. मला बोर्डिंगला ठेवलं, कुठल्या ते सोडा. दर रविवारी उपासनेनंतर घरी पत्र लिहायचं कंपल्सरी आणि पत्र उघडंच द्यायचं, वॉर्डनबाई वाचायच्या. मी एकदा लिहिलं की मला घरी यायचंय, रात्री पोट दुखतं. बाईंनी कागद परत दिला, म्हणाल्या आईबाबा देवाचं काम करतायत, त्यांना काळजीत घालायचं का तुला? दुसरं लिही. मग मी लिहिलं की आमच्याकडे पाऊस फार आहे, स्पोर्ट्समधे आमच्या हाऊसला सेकंड प्राइज मिळालं. ती सगळी पत्रं आईने जपून ठेवलीत, कधी काढून वाचून दाखवते, किती आनंदात होतीस बघ म्हणते. मी काय बोलणार.

दुसरं म्हणजे सुट्टीवर आलो की मंडळ्यांचे दौरे. मिरज, कोल्हापूर, सातारा, वाई, एकेक रविवार एकेक चर्च. बाबा स्लाइड दाखवणार, मला आणि भावाला नेपाळी टोपी-चौबंदी घालून पुढे उभं करणार आणि आम्ही नेपाळी गाणं म्हणणार. टाळ्या. मग चहाला बायका गालाला हात लावून विचारणार, तू पण मोठी होऊन मिशनरीच होणार ना गं? हो म्हणायचं असतं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप कळलेलं.

नांदोलो, तुझ्या पोरीला दौऱ्यावर पुढे उभी करू नकोस. शाळा कुठलीही घाल पण हे नको.

आणि हो, माझा विश्वास आहे. फक्त तो त्या कार्यक्रमांमुळे टिकला असं कुणी म्हणू नये.

नांदोलो:
टानसेनची_पोर, वाचून बराच वेळ काही टाइप करता आलं नाही. मागच्या वेळी आलो तेव्हा आम्ही दोघांना चितेंजे (इथल्या बायका गुंडाळतात ते छापील कापड) गुंडाळून पुढे उभं केलं होतं. इथल्या चिचेवा भाषेतलं गाणं. धाकटा मधेच थांबून माईकमधे विचारत होता जेवण कधी.

तर्कट:
म्हणजे थोडक्यात काय, गरीब आफ्रिकन लोकांचं धर्मांतर करायला जायचं आणि मग इथे येऊन रडायचं. आधी आपल्या देशात काय कमी आहे का कामं? बाकी चालू द्या.

नांदोलो:
तर्कट, मलावीत बहुसंख्य लोक आमच्यापेक्षा जुने ख्रिस्ती आहेत हो, स्कॉटिश मिशन तिथे १८७५ पासून. धर्मांतर कुणाचं करणार? उलट तेच आम्हाला उपासनेला उशीर झाला म्हणून बोलतात. मिस्टर दिवसभर जनरेटरखाली आडवे असतात. नोव्हेंबर २०२३ मधे क्वाचा (इथलं चलन) एकदम पाडला, डॉलरला ११८० होता तो १७०० झाला, तेव्हापासून स्पेअर पार्ट म्हणजे सोनं. दोन बिघडलेल्या मशिनींचं एक चालू मशीन करायचं, हीच सेवा.

आपल्या देशात काम कमी आहे का हा प्रश्न मात्र बरोबर आहे. माझी सासू पण हाच विचारते.

विटेकर:
ताई मी ख्रिश्चन नाय, पण तुमचं वाचून आमच्याच घरचं वाटलं म्हणून लिवतोय. आमी विट्याकडचे, गलाईवाले. सोनं-चांदी गाळायचा धंदा. खानापूर आटपाडी कडेगाव कुठल्याबी गावात जावा, प्रत्येक घरातला एकतरी माणूस तमिळनाडूत नायतर केरळात नायतर बंगाल आसामात, नेपाळात पण हायत. मी स्वतः पाचवीपासून आजीआजोबांकडं गावाला वाढलो, आईवडील कोइमतूरला. दिवाळीला आणि यात्रंला यायचे. दुकानात जागा नाय, शाळा तमिळ, आणि शेती बघायला कुणीतरी पाहिजे, अशी सगळी कारणं खरीच होती, त्यात खोटं काय नव्हतं.

आजीनं काय कमी केलं नाय. पण एक सांगतो. आई आली की पयले दोन दिवस मी तिच्याशी बोलायचो नाय. मुद्दाम नाय, बोलताच यायचं नाय. तिसऱ्या दिवशी सुरू व्हायचं आणि मग ती जायची वेळ झालेली असायची. आता माझी पोरं माझ्याजवळच हायत इकडं, तमिळ बोलतात, मराठी वाचता येत नाय, त्यावरून घरात वेगळी भांडणं. म्हंजे जवळ ठेवलं तरी काय सगळं गोड नसतंय. तुमी आजीकडं ठेवणार आसाल तर आजीला आधी नीट विचारा, तिच्या तब्बेतीला झेपतंय का. म्हातारी माणसं नाय म्हणत नायत.

फौजीची_बायको:
विटेकर दादांना शंभर टक्के अनुमोदन. मी अपशिंग्याजवळची, आमच्या पट्ट्यात घरटी फौजी. मला ह्या धाग्यात एक गोष्ट खटकली ती बोलते. फौजी बॉर्डरवर जातो तेव्हा बायकोपोरं गावात नाहीतर क्वार्टरमधे असतात. त्यांना पोस्टिंगची ऑर्डर नसते. पेन्शन आहे, कँटीन आहे, आर्मी स्कूल आहे, मेलाच तर वीरपत्नी म्हणून सरकार विचारतं तरी. तुमच्यात काय आहे? ह्यांना पाचारण झालं म्हणता, मग पीएफ कुणाच्या नावावर? उद्या त्यांना काही झालं तर मुलांना कोण बघणार हे कागदावर आहे का? देवाचं देव बघेल पण कागद आपण बघायचा.

कंदी_पेढे:
फौजीची_बायको ताई रॉक्स. ‘देवाचं देव बघेल, कागद आपण बघायचा’ हे पोवई नाक्यावर बॅनर करून लावतो.

हळदीचा_सौदा:
अवांतर आहे, माफ करा. ताई, तुमचं आयडी नांदोलो म्हणजे तिकडची तूर ना? मी मार्केट यार्डात असतो. मलावीची तूर आपल्याकडं येते, २०२१ मधे सरकारनं मलावीशी करार केलाय, वर्षाला पन्नास हजार टनाचा, पाच वर्षं. त्यामुळं विचारतोय की तिकडं शेतकऱ्याला काय भाव मिळतोय? आणि तिकडची लोकं डाळ करून खातात का तशीच?

नांदोलो:
हो, तीच तूर. भावाचं मला खरंच माहीत नाही, पण बाजारात ओल्या शेंगा येतात त्या उकडून खातात, सोललेली डाळ आमच्या इथे मिळायची म्हणजे लिलाँग्वेतल्या गुजराती दुकानातून. म्हणजे इथे पिकते, तुमच्याकडे जाते, डाळ होऊन परत येते आणि मी तिला सांगलीची फोडणी देते. धाकटा न्सिमावर आमटी ओतून खातो. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आपल्या मोकळ्या उकडीपेक्षा बराच घट्ट.

हळदीचा_सौदा:
न्सिमा-आमटी 😄 लय भारी. पोरगं कुठंबी जगेल.

जुनी_पेटी:
साताऱ्याहून लिहितोय. इतिहासाची आवड आहे, त्यातही मिशनचे जुने कागद हा माझा नाद, त्यामुळे लांबण लागेल.

हा प्रश्न दोनशे वर्षं जुना आहे आणि उत्तर बहुतेक वेळा बायकांनी भरलंय. विल्यम कॅरी आपल्याला माहीत असतो, त्याने १८०५ साली सेरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं म्हणून. तो १७९३ ला इंग्लंडहून निघाला तेव्हा त्याची बायको डोरोथी चक्क नाही म्हणाली होती. लहान मुलं, त्यात तान्हं बाळ, जहाजाचा प्रवास. शेवटी बहीण सोबत येत असेल तर येते म्हणाली आणि आली. दुसऱ्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा पीटर बंगालात वारला. डोरोथीचं मन त्यानंतर सावरलंच नाही, वेड म्हणतो तसं झालं, १८०७ मधे गेली. आणि त्याच घरात शेजारच्या खोलीत बायबलची भाषांतरं चालू होती.

मुंबईत अमेरिकन मराठी मिशन सुरू करणाऱ्यांतला सॅम्युअल न्यूएल, त्याची बायको हॅरिएट. कंपनी सरकारने कलकत्त्यात राहू दिलं नाही म्हणून परत जहाजात बसले, बाळ समुद्रावरच जन्मलं आणि गेलं, आणि १८१२ च्या नोव्हेंबरात ती मॉरिशसला वारली. वय १९. न्यूएल मुंबईला एकटाच पोचला.

आणि नांदोलो ताई, तुम्ही आहात त्याच देशात १८५९ साली मिशनरी लिव्हिंग्स्टन मलावी तळ्याकाठी पोचला. त्याआधी १८५२ मधे त्याने केपटाऊनहून बायकोमुलांना ब्रिटनला पाठवून दिलं होतं. मेरी परत नवऱ्याकडे आली ती १८६२ मधे झांबेझीच्या काठी तापाने गेली. थोरला मुलगा रॉबर्ट अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६४ ला संपला. ब्लँटायर शहराचं नाव लिव्हिंग्स्टनच्या जन्मगावाचं. मेरीच्या नावाचं काय आहे हे शोधावं लागतं.

आपल्याकडे निदान कोल्हापूरला मेरी वॉनलेस हॉस्पिटल आहे, मिरजेच्या डॉ. वॉनलेसच्या पहिल्या पत्नीच्या नावाचं. एवढं तरी.

मुख्याध्यापिका_निवृत्त:
जुनी_पेटी, तुम्ही निवडून निवडून दुःखाच्याच गोष्टी सांगता. डॉ. वॉनलेस १८८९ ला आले, १८९४ ला मिरजेचं हॉस्पिटल उघडलं. ते घरी बसले असते तर आपल्या आज्यापणज्यांची ऑपरेशनं कुणी केली असती? माझी आजी तिथेच वाचली. ती वाचली नसती तर मी हे लिहायला नसते. त्याग केल्याशिवाय काही उभं राहत नाही.

जुनी_पेटी:
बाई, तुमचा मुद्दा मान्यच आहे. त्याग नको असं मी म्हणत नाही, एकाचा त्याग दुसऱ्याच्या खात्यावर टाकू नये इतकंच. साताऱ्याचंच उदाहरण घ्या. ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंना आधी न सांगता. पुढची काही वर्षं त्या माऊलीने काय काढली ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, आणि हसत हसत लिहिलंय हे विशेष. १९०० मधे त्या स्वतःच्या पायाने आल्या. मग १९१७ ला टिळक संन्यास घेऊन साताऱ्याला आले, देवाचा दरबार नावाची ख्रिस्तभक्तांची मंडळी काढली. परत संसाराची घडी मोडली. माणूस मोठाच, अभंग म्हणताना आजही डोळे भरतात माझे. पण कुटुंबाच्या बाबतीत मी लक्ष्मीबाईंच्या बाजूचा आहे.

कंदी_पेढे:
आम्ही शाळेत टिळकांच्या फक्त फुलांच्या-मुलांच्या कविता शिकलो. देवाचा दरबार साताऱ्यात होता हे आज कळलं, आणि जन्म गेला इथे.

तर्कट:
जुनी_पेटी ह्यांचा प्रतिसाद आवडला. माझा वरचा प्रतिसाद जरा उद्धट होता, पण मुद्दा तोच राहतो. जाणाऱ्याने घरी किती जणांना विचारलं?

मुख्याध्यापिका_निवृत्त:
अब्राहामाने साराला विचारलं होतं का? देव म्हणाला नीघ, तो निघाला.

टानसेनची_पोर:
विचारलं नाही आणि मग मिसरात जीव वाचवायला तिला बहीण म्हणून सांगितलं, हे पण त्याच अध्यायात आहे मॅडम. सगळं अनुकरणासाठी लिहिलेलं नसतं. आणि वचनच काढायचं तर तीमथ्याला पौल काय लिहितो, ज्याला आपलं घर सांभाळता येत नाही तो मंडळी कशी सांभाळेल. किंवा कुर्बानची गोष्ट. ‘हे देवाला वाहिलंय’ असं म्हणून म्हाताऱ्या आईबापांना काही न देणाऱ्यांना येशूने जेवढं झापलंय तेवढं क्वचित कुणाला झापलं असेल. आणि पेत्राचं लग्न झालेलं होतं, बायकोला घेऊन फिरायचा, करिंथकरांच्या पत्रात स्पष्ट आहे. त्याच्या सासूला ताप आला तर येशू आधी तिच्या खाटेशी गेला.

विटेकर:
आमाला ह्यातलं कायबी कळलं नाय पण भांडण चांगलं चाललंय 😀

समितीतला_एक:
मी कोल्हापूरकडच्या एका मिशन समितीवर होतो, कुठली ते विचारू नका. आतली गोष्ट सांगतो. कुणी अर्ज केला की आम्ही मुलाखत घ्यायचो. भाऊला दीड-दोन तास: पाचारण कधी झालं, कसं झालं, कुठलं वचन मिळालं, भाषा शिकाल का, आजार काय आहेत. मग शेवटी बाईंना आत बोलवायचं आणि एकच प्रश्न.

नांदोलो:
मला विचारलेलं ‘तुमची काही हरकत नाही ना?’ एवढंच. मी नर्स आहे, मी पण तिथे डबल ड्यूट्या करणार होते, माझ्याबद्दल एक प्रश्न नाही.

समितीतला_एक:
तोच तो प्रश्न ताई. अक्षरशः तोच. आणि कुठली बाई सात-आठ पाळक आणि चर्चच्या वडीलधाऱ्यांच्या समोर, नवरा शेजारी बसलेला असताना, हरकत आहे म्हणेल? पुढे आमच्याकडे एक कुटुंब अर्ध्यातून परत आलं, लोक नको ते बोलले, देणगीदारांनी पैशाचा हिशेब मागितला, मुलगा शाळेत जाईना. मग काही बायकांनीच समितीत हट्ट धरला आणि पद्धत बदलली. आता नवरा-बायकोला वेगवेगळं बसवतो, बाईंशी बोलायला बाईच, आणि दहा वर्षांवरचं मूल असेल तर त्याच्याशीही कुणीतरी गप्पा मारतं, कागदपेन न घेता. दर मुदत संपली की हे सगळं परत. पहिलं हो हे कायमचं हो नाही, असं आम्ही आता लेखीच ठेवलंय. तुमची मुदत कधी संपते?

नांदोलो:
पुढच्या जूनमधे. पेपर आलेत, ‘रिन्यूअल’चे. सही दोघांची लागते हे मी आत्ता उघडून बघितलं. मागच्या वेळी ह्यांनी केली आणि माझ्यापुढे सरकवली, मी वाचलं पण नव्हतं.

ग्रुपवर का काढता येत नाही म्हणाले ते सांगते. आम्ही दर तीन महिन्यांनी प्रार्थना-पत्र पाठवतो, सपोर्ट करणाऱ्या सगळ्यांना. ते मीच लिहिते, मराठी माझं बरं आहे म्हणून. त्यात मलेरिया लिहिता येतो, दोन्ही पोरांना झाला, लोकांनी मनापासून प्रार्थना केल्या, वानलेसवाडीच्या महिला मंडळाने उपास धरला. मार्च २०२३ च्या फ्रेडी वादळात दक्षिणेकडे हाहाकार झाला ते लिहिलं, लगेच मदत आली. पण ‘मला इथून जावंसं वाटतंय’ असं लिहिलं तर काय होईल? पहिलं म्हणजे पैसे आटतील. दुसरं म्हणजे ह्यांना फोन येईल, वहिनींना जरा समजवा. म्हणून पत्रात मी नेहमी आनंदात असते.

टानसेनची_पोर:
अगं, म्हणजे तुझं पण पत्र उघडंच जातं.

फौजीची_बायको:
+१

कृष्णाकाठ:
मी आत्तापर्यंत नुसतं वाचत होते. मी सांगलीच्या गावभागातली, चर्चशी संबंध नाही पण माझी मैत्रीण अशीच बाहेर होती. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा तिची आई आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर आमच्यासोबत अडकलेली. फोनची रेंज जाऊन येऊन. मैत्रीण तिकडून रडत फोन करायची आणि म्हातारी माझ्या हातातून फोन घेऊन शांतपणे सांगायची, पाणी उतरलंय गं, आता झाडायचं चाललंय. पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीला होतं. दोघी एकमेकींशी इतकं गोड खोटं बोलायच्या की मला तिथे उभं राहवायचं नाही. तेव्हा मुलीला आजीकडे ठेवणार असाल तर फोनवर सगळं ‘छान चाललंय’ ऐकू आलं तर विश्वास ठेवू नका. शेजारची एखादी बाई पकडून ठेवा, जी खरं सांगेल.

मुख्याध्यापिका_निवृत्त:
नांदोलो, मी कालपासून तुझे सगळे प्रतिसाद परत वाचले. माझं मत आहे तेच आहे, सेवा अर्धवट सोडू नये. पण पाचगणीचं मी उगाच पटकन बोलले असं नाही, माझ्या डोळ्यांसमोर चांगली उदाहरणं आहेत, प्रत्येक बोर्डिंग तशी नसते. मात्र हन्नाबद्दल एक राहिलं. ती दर वर्षी शमुवेलाला लहानसा अंगरखा शिवून न्यायची. म्हणजे तिला त्याचं माप दर वर्षी माहीत होतं. तू मुलीला कुठेही ठेवलंस तरी वर्षातून एकदा तरी जाता येईल एवढे पैसे समितीकडून आधी लिहून घे. आणि प्रार्थना होत नसेल तर नको करूस काही दिवस. तुझ्या नावाने मी करते, पत्रात न लिहिता.

नांदोलो:
मॅडम 🙏 ह्याला काय उत्तर देऊ.

जुनी_पेटी:
मुख्याध्यापिका बाई, माप माहीत होतं हे कधी लक्षातच आलं नव्हतं. सलाम.

आणि शाळेबद्दल एक माहिती. ही मुलं बोर्डिंगला घालायची पद्धत आपल्या भागात आलेल्या मिशनऱ्यांमधेही होती. कोडाईकनालची शाळा १९०१ साली मिशनऱ्यांच्याच मुलांसाठी निघाली, केनियातली तुम्ही म्हणता ती १९०६ ची असावी, किजाबेची. तेव्हा दुसरा इलाज नव्हता, पत्राला महिना-दीड महिना लागायचा. आता तुमच्यात आणि सांगलीत साडेतीन तासांचा फरक आणि व्हिडिओ कॉल आहे. इलाज नाही हे कारण आता तेवढं जोरात सांगता येत नाही. मधे गेल्या शतकात रूथ यूसीम नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाई भारतात येऊन अशा परदेशी कुटुंबांचा अभ्यास करून गेल्या, ‘थर्ड कल्चर किड’ हा शब्द त्यांचाच. म्हणजे ज्या घरातून आली तेही पूर्ण नाही आणि जिथे वाढली तेही पूर्ण नाही अशी मुलं. विटेकरांच्या पोरांना पण लागू पडेल.

विटेकर:
आमच्या पोरांना आमी ‘तमिळ मराठा’ म्हणतोय.

नांदोलो:
चार दिवसांनी येतेय. लाइट नव्हती, आणि दुसरं म्हणजे घरी बोलणं चालू होतं.

ह्यांना हा धागा वाचायला दिला. आधी चिडले, घरचं बाहेर का काढलंस म्हणून. मग रात्री उशिरापर्यंत वाचत बसले. सकाळी म्हणाले ‘मला वाटायचं तुला पण झालंय पाचारण, तू हो म्हणालीस ना.’ मी म्हटलं मला तुमच्याबरोबर राहायचं पाचारण झालं होतं, मलावीचं कुणी विचारलं नाही. बराच वेळ गप्प होते. नंतर जनरेटरवर गेले. संध्याकाळी येऊन म्हणाले रिन्यूअलचा फॉर्म आत्ता भरायचा नाही, आधी मोठीला विचारू. हे त्यांनी स्वतःहून म्हटलं.

तिला विचारलं. तिचं उत्तर आमच्या चारही पर्यायांत नव्हतं. ती म्हणते एक वर्ष इथेच राहून घरी अभ्यास करते, धाकट्याची सातवी लांब आहे पण त्याला एकदम सोडून जायला नको, आणि नववीला सांगलीला जाऊ, पण आई तू पण चल, पप्पा नंतर येतील. म्हणजे सहा-आठ महिने पप्पा एकटे. हे ऐकून ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. समितीला कळवलंय की जूनच्या आधी माझ्याशी वेगळं बोला, आणि बोलणारी बाई असू दे. अजून उत्तर नाही. पीएफ-इन्शुरन्सचं पण विचारलंय, फौजीची_बायको ताई, तुमचं वाक्य जसंच्या तसं टाकलंय मेलमधे.

ह्यात देवाची इच्छा कुठली ते मला अजून समजलेलं नाही. मिस्टर म्हणतात समजलंय, पण ते नेहमीच म्हणतात.

फौजीची_बायको:
शाब्बास. मेलचं उत्तर आलं नाही तर परत पाठवा, आणि पोच मागा.

समितीतला_एक:
उत्तर न आल्यास इथे लिहा. समितीचं नाव न घेता काय करता येतं ते सांगतो.

कंदी_पेढे:
आणि पप्पा एकटे राहणार असतील तर त्यांना आमटी शिकवून ठेवा, न्सिमा तर येतच असेल.

नांदोलो:
आमटी त्यांना माझ्यापेक्षा चांगली येते. पण एक खरंच विचारायचं होतं. एक वर्ष घरी अभ्यास करून थेट नववीला सांगलीत मराठी किंवा सेमी शाळा घेईल का? दाखला कुठला लागतो? तिचं मराठी वाचन बरं आहे, लिहिणं कच्चं आहे.

मुख्याध्यापिका_निवृत्त:
आवारातल्या वर्गाचा सातवीचा निकाल आणि शाळा सोडल्याचा दाखला हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह घे, जन्माचा दाखला आणि आधार जवळ ठेव. वयानुसार वर्गात घेण्याची तरतूद आहे, शाळा एखादी चाचणी घेईल, घाबरू नकोस. अगदीच अडलं तर पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, पण त्याची वेळ येणार नाही. शुद्धलेखनाचं माझ्यावर सोड, आठवड्यातून दोनदा तुमच्या दुपारी मी व्हिडिओवर घेईन. रोज एक पान लिहायला सांग, विषय तिचा तिने निवडायचा, आणि ते पान तू आधी वाचायचं नाहीस.